आबिस्कोला ऑरोरा टिपायला निघण्याआधी

कॅमेरा कोणता न्यायचा हा प्रश्न नंतरचा, आधी मुक्काम किती रात्रींचा ते ठरवा. एकाच ठिकाणी निदान चार रात्री हव्यात, कारण वर कितीही सुंदर ऑरोरा, म्हणजे ध्रुवाजवळच्या आकाशातला रंगीत प्रकाश, नाचत असला तरी मध्ये ढग आले की सगळं संपलं. म्हणूनच मी उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोचं नाव सुचवेन. नॉर्वेच्या समुद्रावरून येणारे ओले वारे पश्चिमेच्या डोंगरांवरच रिकामे होतात, आणि तोर्नेत्रेस्क तलावाकाठचं हे गाव पर्जन्यछायेत राहतं, आपल्या सह्याद्रीपलीकडच्या माणदेशासारखं. शिवाय गाव ध्रुवाभोवतीच्या ऑरोराच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ शून्य ते नऊ या मापात सांगणारा आकडा) दोन-तीन असला तरी भागतं. तेव्हा तो आकडा बघत बसण्यापेक्षा ढगांचा अंदाज तासातासाला बघा. महिना फेब्रुवारी किंवा मार्च बरा. रात्री अजून मोठ्या असतात, दिवसा जागा हेरून ठेवण्याइतका उजेडही मिळतो. तारखा निवडताना पौर्णिमा टाळा, पण चंद्रकोरीला घाबरू नका. तिच्या उजेडात बर्फ आणि डोंगर फोटोत छान उठून दिसतात.

कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत लोकर, सुती काही नको, बूट एक नंबर मोठे. हातांकडे मात्र नीट लक्ष द्या. उणे वीस अंशांत कॅमेऱ्याच्या आधी बोटं संप पुकारतात. आत पातळ, चिकटून बसणारे हातमोजे आणि वरून जाड, चार बोटं एकत्र राहणारे, अशी जोडी घ्या. कॅमेऱ्याची बटणं वापरताना फक्त वरचे काढायचे. धातूच्या ट्रायपॉडला उघड्या हाताने शिवू नका, त्याच्या पायांना फोम गुंडाळून न्या.

बॅटऱ्या तीन-चार तरी हव्यात. थंडीत त्या भराभर उतरतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते, म्हणून लगेच बाद करू नका. विमानात या सगळ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर घरीच काढून ठेवा. ऑरोराचा हिरवा प्रकाश येतो तो साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमधून, आणि तो जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. फिल्टरच्या काचेच्या दोन समांतर पृष्ठभागांमध्ये अशा प्रकाशाचं व्यतिकरण होतं, म्हणजे परावर्तित लहरी एकमेकींत मिसळतात, आणि फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. अंधारात छोट्या पडद्यावर ती लक्षातही येत नाहीत, आणि नंतर सहजी पुसताही येत नाहीत.

फोकसचा सराव घरूनच करा. भंडारदऱ्यासारख्या अंधाऱ्या जागी एक रात्र काढा, तीही हातमोजे घालून. ऑटोफोकस बंद, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) एखादा ठळक तारा मोठा करायचा, तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत लेन्सची फोकस रिंग हळूहळू फिरवायची, मग रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. इथे सरावाला व्याध उत्तम, पण आबिस्कोत तो क्षितिजाला चिकटलेला असतो. तिथे ब्रह्महृदय किंवा अभिजित शोधा, ते मावळतच नाहीत. आणि ध्रुवतारा पुण्यातून जेमतेम १८ अंशांवर दिसतो, तो तिथे ६८ अंशांवर, जवळपास डोक्यावर असतो. दिशा ओळखताना हे ध्यानात असू द्या.

सेटिंग्ज निघण्यापूर्वीच लावून ठेवा: मॅन्युअल मोड, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, लेन्सचं छिद्र एफ २.८ किंवा त्याहून उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं माप) ३५०० ते ४००० केल्व्हिनवर पक्का, हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद. ऑरोरा शांत असेल तर शटर आठ-दहा सेकंद चालतं. नाचायला लागला की एक ते तीन सेकंदांवर या, नाहीतर किरणांच्या उभ्या रेघा पुसून नुसता हिरवा डाग उरतो. पडद्याचा उजेड कमी करा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. काळोखात पडदा फोटोला आहे त्यापेक्षा उजळ दाखवतो.

व्हिडिओला मन लावून तयारी करा असं मी आग्रहाने सांगेन. टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेली फीत, सोपा: पाच सेकंदांनी एक फोटो धरला तर वीसेक मिनिटांत २५० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला २५ फोटो या वेगाने दहा सेकंदांची फीत. पण त्यात सगळंच धावतं, आणि ऑरोराची खरी चाल, आधी रेंगाळणं आणि मग एकदम उसळणं, हरवते. ती हवी असेल तर एफ १.४ ते १.८ ची रुंद लेन्स, शटर १/२५ सेकंद, आयएसओ १२,८०० किंवा वर, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी स्थिर. हे फक्त तेजस्वी ऑरोरालाच जमतं, म्हणून तो उजळला की लगेच वळता यावं यासाठी व्हिडिओची सेटिंग्ज एका कस्टम बटणावर साठवून ठेवा.

लेन्सजवळ श्वास सोडू नका, वाफेचं लगेच दहिवर होतं. रासायनिक हँड वॉर्मर रबरबँडने लेन्सभोवती बांधला तर काच साफ राहते. परतताना गार कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेलात तर आतबाहेर दव धरेल. बाहेर असतानाच तो मोठ्या झिप पिशवीत हवाबंद करा आणि खोलीत दोन-तीन तास उघडू नका. फोटो बघितल्याशिवाय झोप लागणार नाहीच, म्हणून मेमरी कार्ड पिशवी बंद करण्याआधी काढून खिशात टाका.