शाळेतला काउन्सेलर व्हायचंय? गोव्यात या चुका हमखास होतात

डिचोलीकडच्या एका हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात एक पालक माझ्या दारात थबकले. "तुम्ही कौन्सिलर? कुठल्या वॉर्डाच्या?" त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे कौन्सिलर म्हणजे पालिकेतला नगरसेवक. गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला की त्याला गाठायचं. मी हसून वेळ मारून नेली. पण आपण कोण आणि कशासाठी आलोय हे शाळेत कुणालाच नीट ठाऊक नसतं, ही या कामातली पहिली अडचण. पुढच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनासाठी गाजलेल्या आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरून समोरच्या बाईला संमोहित करतोय असा. शाळांना काउन्सेलर तसाच हवा असतो. पोर आत पाठवलं, हात फिरवला, पोर सुधारून बाहेर. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने नव्या काउन्सेलरलाही आपण तसेच आहोत असं वाटत असतं.

नोकरी शोधताना

पहिली चूक म्हणजे एकाच दाराशी बसून राहणं. गोव्यात सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळ काउन्सेलर घेतं, पण कंत्राटावर, आणि एका माणसाकडे बहुधा एकाहून जास्त शाळा येतात. "कायम होईल तेव्हा बघू" म्हणत घरी बसलेल्या दोघी-तिघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्या अजून बघतच आहेत. दुसरं दार खासगी शाळांचं. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत शाळेत काउन्सेलर असणं अपेक्षित धरलेलं आहे. मानसशास्त्राची पदवी, बालविकासातलं पदव्युत्तर शिक्षण किंवा कुठल्याही पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका, यांतलं काहीही त्यांना चालायचं; 2026 मध्ये हे नियम बदलले, म्हणून अर्जाआधी ताजी अट बघून घ्या. तिसरं दार संस्थांचं. पर्वरीची 'संगाथ' 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करते आणि किशोरवयीन मुलांवरचे तिचे प्रकल्प शाळांमधूनही चालले आहेत. अशा प्रकल्पात वर्षभर काढलं तर मुलाखतीत सांगायला खऱ्या गोष्टी मिळतात.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. खासगी शाळेत अर्ज घेऊन जाल तेव्हा हे तोंडपाठ असू द्या. काही व्यवस्थापनांना ते अजून कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी चूक कागदाची. तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काउन्सेलर झालो, असं समजणारे पुष्कळ. शिक्षक असाल आणि या बाजूला वळायचं असेल, तर एनसीईआरटीची समुपदेशनाची पदविका बघा. एक वर्षाची आहे: सहा महिने दूरस्थ अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. गोव्यातून घर सोडून राहावं लागतं हे खरं, पण दुसऱ्याच्या देखरेखीखाली मुलांशी बोलायची ती एकच संधी असते. आणि मानसशास्त्रात एमए केलं म्हणून दारावर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावू नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते.

सरकारी जाहिरातीत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, तो मामलेदार कचेरीतून आणावा लागतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथे रांगेत उभं राहू नका. भाषेच्या रकान्यात कोकणी आवश्यक, मराठी इष्ट असं लिहिलेलं असतं. आपण मराठी शाळेत शिकलो तरी कोकणी कळते, पण बोलताना मध्येच पुस्तकी मराठीवर घसरतो. मुलाला ते लगेच कळतं. रडताना कुणी प्रमाणभाषेत रडत नाही.

"कोणाकच सांगूं नाकात"

मुलाखतीत एक प्रश्न फिरून फिरून येतो. मूल येऊन म्हणालं, "टीचर, कोणाकच सांगूं नाकात", म्हणजे कुणालाच सांगू नका, तर तुम्ही काय कराल? "मी कुणालाच सांगणार नाही" हे उत्तर ऐकायला छान वाटतं आणि साफ चुकीचं आहे. मीही माझ्या पहिल्या वर्षी एका मुलीला असंच वचन दिलं होतं. तिने जे सांगितलं ते पोलिसांपर्यंत न्यावंच लागणार होतं. ते नेलं. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. चूक तिची नव्हती. जे पाळता येणार नव्हतं ते वचन मी दिलं होतं.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा. त्याच्या 19 व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी ते विशेष बालक पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. "आधी मॅनेजमेंटला विचारू", "पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) अध्यक्षांना घेऊन बसू", "शाळेचं नाव जाईल" ही सगळी वाक्यं तुम्हाला ऐकावी लागतील. मुख्याध्यापकांना सांगा, जरूर सांगा. पण त्यांची परवानगी मागू नका. आणि मुलाकडून तीच हकीकत तीनदा वदवून घेऊ नका. तुमचं काम तपासाचं नाही. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.

एक अडचण मात्र मोकळेपणी सांगते. हा कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. अकरावीतल्या दोघांचं प्रेमप्रकरण फार पुढे गेलेलं असलं, तर तेही त्यात येतं. मुलांना हे आधी ठाऊक असतं तर बरं, असं मला नेहमी वाटतं. म्हणून आता मी गुपिताची हद्द पहिल्याच भेटीत सांगते: तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला गप्प बसता येणार नाही; पण कुणाला सांगणार आहे ते आधी तुला सांगेन. एवढं ऐकून काही मुलं उठून जातात. त्यातली बरीच पुढच्या आठवड्यात परत येतात.

गोवा किती लहान आहे हे बाहेरून आलेल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. कदंबच्या बसमध्ये फोनवर "आज एक नववीतली मुलगी आली होती" एवढं बोललात, तरी मागच्या सीटवर तिची मावशी असू शकते. नाव न घेता स्टाफरूममध्ये किस्सा सांगणं, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अमुक वर्गातल्या मुलाकडे लक्ष द्या" टाकणं, नोंदवही टेबलावर उघडी ठेवणं ही छोटी-छोटी माणुसकीची कामं वाटतात. त्यानंतर तुमच्या दाराशी कुणी येत नाही. कुलपाचं कपाट मागा. मिळालं नाही तर स्वतःच्या पैशाने घ्या.

शांत मूल आणि पाचवीची इयत्ता

आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या. पाचवीला मात्र हायस्कूल, आणि तिथे इंग्रजी. सत्तरीतलं एखादं मूल चौथीपर्यंत नाटकात कामं करतं, घडाघडा बोलतं आणि पाचवीत गप्प होतं. शिक्षक त्याला 'डल' म्हणून पाठवतात. नवा काउन्सेलर पुस्तक उघडून नैराश्याची लक्षणं जुळवतो. मीही जुळवली होती. मग एकदा त्या मुलाला मराठीत गोष्ट सांगायला लावली, तर तो वीस मिनिटं थांबला नाही.

म्हणून निदानाकडे धावण्याआधी मुलाची चौथीपर्यंतची शाळा, तिथलं माध्यम आणि घरची भाषा विचारा. तरीही वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, गणितातली चिन्हं गोंधळत असतील आणि हे मातृभाषेतही होत असेल, तर मूल तपासणीसाठी पाठवा, आणि लवकर पाठवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत शिकण्यातल्या विशिष्ट अडचणींचा समावेश आहे, आणि दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. सहावीत दिसलेली गोष्ट दहावीच्या तोंडावर कागदावर आणायची धावपळ मी दरवर्षी बघते. कुणी सहावीत लिहूनच ठेवलेलं नसतं.

घरची चौकशी करतानाही साचा नको. दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या मुलाचा बाप 'तारवार', म्हणजे जहाजावर नोकरीला असतो, वर्षाचे आठ-नऊ महिने घरात नाही. डिचोली-सांगेकडे 2012 आणि 2018 ला खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि काही घरांत बाटली आत आली. दोन्हीकडे मूल अभ्यासात मागेच पडतं, पण प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

कुणीच येत नाही, किंवा भलतेच येतात

महिनाभर खोलीत एकटं बसायची वेळ आली तर समजा, शाळेने तुम्हाला शिक्षेची खोली करून टाकलंय. ज्याला पाठवतात तो वर्गात मस्ती करणारा. त्यामुळे बाकीच्यांना तिथे दिसायचंच नसतं. यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गात एक पिरियड मागून घ्या, अभ्यासाच्या वेळापत्रकावर किंवा दहावीनंतर काय यावर बोला, आणि जाताना सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी द्या. भेटायचं असेल तर नाव लिहा, नसेल तर काहीही लिहा, पण चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची. म्हणजे कुणी काय लिहिलं ते कुणाला कळत नाही.

प्रॉक्सी पिरियडला, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या तासाला, सरसकट नाही म्हणू नका, सरसकट हो तर मुळीच नको. मी मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच सांगते, "सर, आठवड्याला दोन घेईन, पण परीक्षेची पर्यवेक्षक म्हणून मला बसवू नका." मुलाने ज्याच्यासमोर रडायचं, त्यानेच कॉपी पकडायची, हे जमत नाही.

पालक मात्र वेगळी गोष्ट. "म्हजो भुरगो पिसो न्हय", माझा मुलगा वेडा नाही, हे वाक्य कानावर येणारच. तेव्हा मानसिक आरोग्यावर भाषण देऊ नका. "पोटात दुखलं तर डॉक्टरकडे नेता ना" ही उपमाही आता पालकांना पाठ झालीय. मी विचारते, "तो शेवटचा पोटभर कधी जेवला?" आई तिथून बोलायला लागते.

जिवावरचा प्रसंग

"जगायचंच नाही" हे मुलाच्या वहीत दिसलं तर विषय टाळू नका. मरणाबद्दल सरळ विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट ते कुणाशी तरी बोलता येतं म्हणून त्याला हायसं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, अगदी बाथरूमपर्यंतही. पालकांना बोलावून घ्या, येईपर्यंत सोबत बसा, आणि घरातली औषधं, कीटकनाशकं, दोर कुठे आहेत ते विचारून हलवायला सांगा. बागायतीच्या घरांत फवारणीची बाटली ओसरीवरच असते. बांबोळीला मनोविकार संस्था आहे. पालक दचकले तर "गोमेकॉजवळच (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळच) जायचंय" म्हणा, ते खोटंही नाही. रात्री काही झालं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. हे दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून पालकांच्या हातात द्या. त्या क्षणी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मूल शाळेत आलं तर वर्गाच्या दारात उभं राहून त्याची चौकशी करू नका. मान हलवा आणि पुढे जा, तो येईल.

कंत्राट संपताना

ही चूक आम्ही सगळ्यांनीच केलीय. कंत्राट शुक्रवारी संपतं आणि सोमवारी मुलं बंद दारासमोर उभी असतात. निदान तीन आठवडे आधी मुलांना सांगा. ज्यांच्या भेटी चालू आहेत त्या मुलांची यादी करा, कुणाला कधी भेटायचं आहे एवढंच त्यावर लिहा, बाकी नोंदी पाकिटात बंद करून सही घेऊन मुख्याध्यापकांकडे द्या. नवा काउन्सेलर कधी येणार ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक मुलाला शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव विचारून घ्या, ज्याच्याशी ते तोवर बोलेल. गेल्या वर्षी एका मुलाने शिपाईकाकांचं नाव सांगितलं. मी यादीत तेच लिहिलं.