नाटकासाठी रफ कॉलर: कापड अर्धा मीटर, बाकी सगळी खळ

शेक्सपिअर बसवायचा ठरला की कॉलेजचे पोट्टे मोबाइलवर पहिल्या एलिझाबेथ राणीचं चित्र घेऊन येतात. "काकू, गळ्यातली ही चकती पाहिजे. सगळ्यांना." माझी कात्री पहिल्यांदा या 'सगळ्यांना'वर चालते.

ही चकती म्हणजे रफ. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सदऱ्याच्या गळ्याला लावलेली बारीक झालर होती. मग ती सदऱ्यापासून वेगळी झाली, वाढत गेली आणि १५८० च्या सुमारास चांगली ताटाएवढी झाली. एवढी मोठी रफ मिरवणारे लोक दरबारी, नाहीतर पैसेवाले. शेतकरी, कारागीर, नोकर यांना साधी पांढरी पडती कॉलर द्या, फार तर बोटभर झालर. डोक्यावर मात्र त्यांना टोपी हवी. १५७१ साली इंग्लंडात कायदाच झाला होता: सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणावारी लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दंड. लोकरीचा धंदा चालावा म्हणून ही युक्ती. बड्या लोकांना त्यातून सूट होती. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. त्यांच्याकडे कडाक्याच्या हिवाळ्यात थेम्स नदी गोठायची, त्यांना लोकर शोभत होती. आपल्या पोरांना जाड सुती कापडाची चपटी टोपी शिवा, स्टेजवरच्या दिव्यांखाली तीही पुरे होते.

म्हणजे रफ उरली तीन-चार पात्रांपुरती. आता कापड. त्यांच्याकडे ती तलम लिननची असायची, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याची. आपण जवसाची चटणी खातो, ते लोक त्याचं सूत काढत. आपल्याला सुती ऑर्गंडी, म्हणजे पातळ झिरझिरीत कापड, चालते. नागपूरच्या गांधीबागेत ठोक दुकानदार अर्ध्या मीटरसाठी थान उलगडायला कुरकुर करतो, तेव्हा सगळ्यांचं एकदम घ्या. नायलॉनची ऑर्गंडी गळ्यात मारतील, ती घेऊ नका. तिला खळ धरत नाही.

गळ्याचं माप अधिक एक इंच. समजा १६ इंच झालं. ४४ इंच पन्ह्यातून चार-चार इंच रुंदीच्या तीन आडव्या पट्ट्या काढा, टोकाला टोक बारीक जोडा. साधारण १३० इंचांची एक लांब पट्टी होईल. एक लांब कड अगदी बारीक दुमडून हातशिलाईने टिपा. मशीनची टीप पुढच्या रांगेतूनही दिसते. दुसऱ्या कडेला दर इंचावर खडूची खूण करा. जाड दोऱ्याने एका खुणेत सुई आत, पुढच्या खुणेत बाहेर असा धावदोरा घाला. त्याच्याखाली पाव इंचावर दुसरा, टाक्याखाली टाका बरोबर आला पाहिजे. दोन्ही दोरे ओढले की एक-एक इंच उंचीच्या पासष्ट-सहासष्ट चुण्या उभ्या राहतात, म्हणजे इंचाला चार. एक इंच रुंदीची दुहेरी गळपट्टी करून चुणीचं वरचं टोक पट्टीच्या वरच्या कडेला, खालचं खालच्या कडेला टाका. इथे कंटाळा येतो. येऊ द्या, पण टाके गाळू नका. पुढे बांधायला नाड्या लावा.

शिवून झालेली रफ ओल्या फडक्यासारखी लोंबते, आणि पोट्टे तोंड पाडून बसतात. खरं काम आता सुरू होतं. लंडनलाही अडचण हीच होती. १५६४ मध्ये फ्लँडर्सहून (आताच्या बेल्जियमच्या भागातून) आलेल्या डिंगेन व्हान डेर प्लासे या बाईंनी तिथे खळ देण्याची शिकवणी काढली. खळ द्यायला शिकवण्याचे चार-पाच पाउंड, आणि खळ शिजवायची कशी याचे वीस शिलिंग वेगळे! त्या काळी ही रक्कम फार मोठी होती, तरी घरंदाज बायका आपल्या मुलींना तिच्याकडे धाडत.

खळ बहुतेक गव्हाची असे. १५९० च्या दशकात लागोपाठ पिकं बुडाली तेव्हा खायला गहू नाही आणि गळपट्ट्यांना आहे, अशी ओरड झाली. अॅरम नावाच्या एका रानटी कंदाचीही खळ करत. ती पांढरीशुभ्र व्हायची, पण धुणाऱ्या बायकांच्या हातांना फोड यायचे. फिलिप स्टब्ज नावाच्या कर्मठ लेखकाने तर १५८३ मध्ये खळीला सैतानाचं पाणी म्हटलं.

आपल्याकडे हे सैतानाचं पाणी उन्हाळ्यात घरोघरी असतं. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक तळाशी बसतो, तो निव्वळ गव्हाचा स्टार्च आहे. मीठ पडायच्या आधी दोन मोठे चमचे काढून ठेवा (घरच्यांना आधी सांगा, नाहीतर चाळीभर बोभाटा होतो). अर्धा कप गार पाण्यात चीक कालवा, दोन कप उकळत्या पाण्यात धार धरून सोडा आणि ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन काचेसारखी चमक आली की उतरवा, मलमलमधून गाळा. एकही गुठळी राहता कामा नये. कोमट असताना रफ बुडवा, हाताने दाबून काढा. पिळू नका.

नीळ टाकू नका. सफेदीसाठी हात आपोआप बाटलीकडे जातो, पण १५९० च्या दशकात राणीने निळ्या खळीला मनाई केली होती. पुढे जेम्स राजाच्या काळात पिवळ्या खळीची फॅशन आली. ती ज्या अॅन टर्नरच्या नावाशी जोडली गेली, तिला १६१५ मध्ये विषप्रयोगाच्या खटल्यात फाशी झाली. नाटकात कपटी बाई असेल तर तिची रफ खुशाल पिवळी करा. चिमूटभर हळद चालते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते.

आता चुण्यांना गोलाई. त्यांच्याकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या काड्या असत, पुढे तापवायच्या पोलादी आल्या. आपल्याकडे केस कुरळे करायचं यंत्र आहे, मध्यम आचेवर. रफ दमट असतानाच एक चुणी वरून, पुढची खालून, अशी दांडी फिरवत जा. बाहेरच्या कडेला इंग्रजी आठाचे आकडे ओळीने दिसायला लागले की जमलं. शेजारच्या चुण्या जिथे टेकतात तिथे टाचणी लावा, वाळल्यावर तिथेच एक-एक लपता टाका घाला. मे महिन्यात गच्चीवर नेऊ नका, तुमचा हात पोचायच्या आत अर्धी रफ कडक होते. पंखा बंद करून घरात बसा. घाम तुमचा येऊ द्या.

पावसाळ्यात उलटा त्रास. खळ हवेतली ओल ओढून घेते आणि दुसऱ्या अंकापर्यंत रफ मान टाकते. त्यांच्याकडेही पावसात हीच फजिती व्हायची. खालून तारेचा आधार देत, तसा तुम्हीही द्या. जाड तारेचं अर्धवर्तुळ करून त्यावर कापड गुंडाळा आणि मानेमागे अडकवा.

प्रयोग संपला की चुण्यांमधले लपते टाके उसवून खळ धुऊनच ठेवा, नाहीतर झुरळं आणि कसर मेजवानी करतात. पुढच्या प्रयोगाला पुन्हा खळ, पुन्हा चुण्या. मोठ्या घरांत हे काम नोकर करत, इथे आपणच.

रफ एकदा बांधली की हनुवटी खाली जात नाही, म्हणून बूट आधी घालायला लावा. आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवशी सकाळी तर्री पोहे येतातच. ते रफ चढवायच्या आधी, किंवा नुसते पोहे. तर्री प्रयोगानंतर.