मंडळीतील वाद सोडवताना: आधी तीन कागद

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाद पेटतो तेव्हा दोन्ही बाजूंना आपण सत्यासाठीच उभे आहोत असे मनापासून वाटत असते, आणि म्हणूनच तो मिटवणे कठीण जाते. असा वाद हाती घेणाऱ्या वडिलांनी (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) वा पाळकांनी पहिल्या बैठकीपूर्वी तीन कागद घ्यावेत: एकावर सिद्धांताचे प्रश्न लिहावेत, दुसऱ्यावर छळाच्या काळात कोण कसे वागले याचे, आणि तिसऱ्यावर मंडळीत अधिकार कोणाचा याचे. बहुतेक वेळा तिन्ही कागद भरतात. लोक मात्र फक्त पहिल्यावरचे बोलत असतात, कारण सिद्धांतासाठी भांडणे त्यांना अधिक सन्मानाचे वाटते.

हे प्रश्न एकमेकांत कसे गुंततात, ते तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमध्ये स्पष्ट दिसते. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या हुकुमाने प्रजेला देवतांपुढे यज्ञ करून तसा दाखला घ्यावा लागला. काही विश्वासणाऱ्यांनी यज्ञ केला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला, तर काहींनी तुरुंग पत्करला. छळ ओसरल्यावर डगमगलेले लोक परत आले तेव्हा मंडळीपुढे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. एवढ्या मोठ्या पापाची क्षमा मंडळी जाहीर करू शकते का? यज्ञ करणारा आणि दाखला विकत घेणारा यांना एकच माप लावावे का? आणि परत घेण्याचा निर्णय कोणाचा, तुरुंग भोगलेल्यांचा की बिशपचा? कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे शेवटचा प्रश्न विशेष कडवट झाला. २५१ च्या परिषदेने सरसकट निकाल टाळला: दाखला घेतलेल्यांची प्रकरणे एकेक तपासून त्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यायचे, आणि यज्ञ करणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त द्यायचे, असे ठरले. त्याच वर्षी रोममध्ये नोवेशियन या धर्मगुरूने डगमगलेल्यांना परत घेऊच नये अशी कठोर भूमिका घेतली. पण तो बिशप कॉर्नेलियसच्या निवडीलाही आव्हान देत होता, आणि त्यातून निघालेली वेगळी मंडळी काही शतके टिकली.

म्हणून दुसरा कागद आधी हाती घ्यावा. दडपणाखाली सही करणाऱ्याला, माफीनामा देणाऱ्याला किंवा पळून जाणाऱ्याला काय काय सोसावे लागले हे त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि त्या काळात सुरक्षित ठिकाणी असलेल्यांनी तेव्हा गप्प बसावे. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांचेही पूर्ण ऐकावे. परंतु सोसण्यामुळे माणसाच्या साक्षीला वजन येते, मंडळी चालवण्याचा अधिकार आपोआप येत नाही, असे माझे ठाम मत आहे. छळ अजून चालू असेल तर नावे आणि भेटीच्या जागा कुठेही लिहून ठेवू नयेत.

मग तिसरा कागद, अधिकाराचा. नेतृत्वावरील आरोपाला तत्त्वचर्चेपूर्वी चौकशी हवी. उत्तर आफ्रिकेतील फुटीर बिशप डोनॅटस याच्या अनुयायांचे म्हणणे असे होते, की ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात पवित्र शास्त्र सरकारच्या हवाली करणाऱ्या बिशप फेलिक्सने सेसिलियनला कार्थेजचा बिशप नेमले, म्हणून ती नेमणूकच रद्द होय. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, तरी फूट सांधली गेली नाही, कारण तोवर प्रत्येक गटाचा स्वतःचा बिशप झाला होता. चौकशी लवकर व्हावी आणि ती दोन्ही गटांबाहेरच्यांनी करावी. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडिलांवरील आरोपासाठी दोन-तीन साक्षीदारांची अट आहे. ती खोट्या आरोपापासून संरक्षण म्हणून वाचावी, तक्रार दाबण्याचे साधन म्हणून नव्हे. लैंगिक अत्याचार किंवा पैशांचा अपहार असा गुन्हा असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील ‘एकांतात समजावणे’ पीडितावर लादू नये. ते प्रकरण पोलिसांकडे न्यावे. सिद्धांताच्या वादात मात्र राजसत्तेचा हात कधीच मागू नये. झुरिकमध्ये १५२७ साली प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या फेलिक्स मांझला बुडवून मारले, जिनिव्हात १५५३ साली त्रैक्याचा सिद्धांत नाकारणाऱ्या सर्वेतसला जाळले, आणि दोन्ही वेळा हे करवणारे स्वतःला सुधारणावादी ख्रिस्ती म्हणवत होते.

आता पहिला कागद. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का या वादावर यरुशलेमेत पेत्र, पौल, बर्णबा आणि याकोब सगळे बोलले, आणि निर्णय पत्राने कळवला गेला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाणे आणि सण पाळणे प्रत्येकाच्या विवेकावर सोडले आहे. आपल्यापुढचा प्रश्न यांपैकी कोणत्या जातीचा, हे बैठकीत ठरवावे. त्यानंतर प्रत्येक बाजूने समोरच्याचे मत असे मांडावे, की त्याने ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. तोवर खंडन सुरू करू नये. जे मान्य आहे तेही लेखी उतरवावे. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांचे पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्या कलमात फक्त ख्रिस्ताचे शरीर प्रभुभोजनात प्रत्यक्ष असते का, एवढाच मुद्दा उरला. तरीही ते वेगळे झाले, पण नेमके कशावरून, हे कोणालाही वाचता येते.

सगळे करूनही वेगळे व्हावे लागले, तर फुटीचे कारण एका वाक्यात दोघांनी मान्य करून लिहावे, आणि काय घडल्यास पुन्हा एकत्र येता येईल तेही त्याखाली लिहावे. सहकारी मार्काला प्रवासात सोबत घ्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद होऊन ते वेगवेगळ्या वाटांनी गेले. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच मार्काला सोबत घेऊन येण्याची सूचना आहे, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे.