पिवळा रंग प्रोग्रामला दिसत नाही: जीवशास्त्राचा डेटा हाताळताना या चुका टाळा

जीवशास्त्राच्या संशोधकांना मी कमांड लाइन (संगणकाला टाईप करून हुकूम देणं) आणि आर, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवते. प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मशीन लर्निंग कधी घेणार?" मी त्यांना आधी त्यांची सॅम्पल शीट, म्हणजे नमुन्यांची माहिती लिहिलेला तक्ता, उघडायला सांगते. बहुतेक प्रकल्पांचं दुखणं तिथेच सापडतं.

एका प्रकल्पात दोन प्रयोगशाळा मिळून ४८ सॅम्पलचं आरएनए सिक्वेन्सिंग (कुठली जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजणं) करत होत्या. विश्लेषण माझ्याकडे होतं. शीट आली, मी ती सीएसव्ही करून आरमध्ये घेतली आणि कामाला लागले. पीसीएच्या आलेखात, जिथे सारखी सॅम्पल जवळजवळ दिसतात, सहा ठिपके बाकीच्यांपासून लांब, एका कोपऱ्यात. आम्हाला वाटलं बॅचचा फरक असेल, म्हणजे सॅम्पल वेगवेगळ्या वेळी हाताळल्यामुळे आलेला. सिक्वेन्सिंगच्या तारखा तपासल्या, किट तपासलं, मॉडेलमध्ये बॅच घालून पाहिली. तीन आठवडे त्यात गेले. मग एका फोनवर समोरच्या प्रयोगशाळेतली मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, ते पिवळे काढलेत ना?"

"कुठले पिवळे?"

ज्या सॅम्पलचा आरएनए खराब निघाला होता, त्यांच्या ओळी तिने पिवळ्या केल्या होत्या. तिच्या दृष्टीने ते स्पष्ट होतं, आणि स्क्रीनवर खरंच स्पष्ट दिसत होतं. पण सीएसव्ही फाइलमध्ये फक्त मजकूर जातो. रंग, ठळक अक्षरं, कोपऱ्यातली टिप्पणी, सगळं गळून पडतं. मूळ शीट मी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती, ही माझी चूक.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. एका ओळीत एक सॅम्पल, एका चौकटीत एकच गोष्ट, जोडलेल्या चौकटी अजिबात नाहीत. जे रंगाने सांगायचं आहे त्यासाठी वेगळा कॉलम: ‘वगळायचं का’ आणि शेजारी ‘कारण’. आणि शीट हातात आली की विश्लेषणाआधी प्रत्येक कॉलममध्ये किती वेगवेगळ्या नोंदी आहेत ते मोजायचं. त्या शीटमध्ये ‘लिंग’ या कॉलमात दोनऐवजी पाच प्रकार निघाले असते: ‘मादी’, ‘एफ’, लहान लिपीतला ‘एफ’, ‘नर’, आणि ज्याच्यामागे एक रिकामी जागा राहून गेली आहे असा ‘नर’. आपल्याला हे दोनच दिसतात, आर पाच गट मानतं. हे मोजायला एक मिनिट लागतं, आणि तेवढं मिनिट कुणालाच द्यायचं नसतं.

दुसरी चूक म्हणजे जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं. सेप्ट२ हे जनुक असतं, एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करतं. मार्च१ ची १ मार्च होते. ही तक्रार २००४ मध्येच छापून आली होती. २०१६ मध्ये जनुकशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतल्या पुरवणी फाइल तपासल्या गेल्या, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकयादी जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत ही चूक सापडली. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि नावं बदलली: सेप्ट२ आता सेप्टिन२ आहे, मार्च१ आता मार्चएफ१. २०२३ पासून एक्सेलमध्ये हे रूपांतर बंद करायची सोयही आली आहे. मी तिच्यावर विसंबत नाही, कारण जुन्या याद्यांत जुनी नावं आहेत आणि फाइल सहकाऱ्याकडे गेली की त्याच्या संगणकावर ती सोय चालू असेलच असं नाही. मी नावाशेजारी एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसमधला क्रमांक ठेवते. नाव बिघडलं तरी जनुक हरवत नाही. फाइल नुसती बघायची असेल तर टर्मिनलमध्ये बघते.

जीनोमची आवृत्ती न लिहिणं हीसुद्धा महागात पडणारी चूक. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ या मानवी जीनोमच्या दोन आवृत्त्यांमध्ये एकाच जनुकाचं स्थान वेगळं असतं, आणि चुकीच्या आवृत्तीवरही प्रोग्राम मुकाट्याने उत्तर देतो. शिवाय जीनोमवरची स्थानं लिहायच्या फाइलींपैकी बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ आणि व्हीसीएफ एकापासून. आवृत्ती मी फाइलच्या नावातच घालते.

बाकीच्या थोडक्यात. फाइलच्या नावात मोकळी जागा नको. क्लस्टरच्या (अनेक संगणकांच्या सामायिक यंत्रणेच्या) लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर, जड काम चालवू नका, सगळ्यांचं काम अडतं. मोठी फाइल उतरवली की चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळवा. विंडोजमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर अडली तर आधी ओळींचा शेवट तपासा, दोन्हीकडे तो वेगळ्या खुणेने लिहिला जातो. स्क्रॅचवर, म्हणजे क्लस्टरच्या तात्पुरत्या जागेत, ठेवलेलं पुसलं जाणारच, असं धरून चाला. कच्चा डेटा आला त्याच दिवशी त्याची लिहिण्याची परवानगी काढून टाका.

आणि कुठूनतरी उचललेली कमांड न वाचता चिकटवू नका. सॉफ्टवेअर कार्पेंट्री या संशोधकांना संगणकाची कौशल्यं शिकवणाऱ्या उपक्रमाच्या वर्गांत शिकवणारा सर्वांसमोर स्वतः टाईप करतो, चुकतो, दुरुस्त करतो आणि शिकणारे त्याच्याबरोबर टाईप करतात. हे संथ वाटतं, म्हणून लोक कंटाळतात. मला मात्र त्या पद्धतीला पर्याय दिसलेला नाही. एरर वाचायची सवय बोटांनी चुकल्याशिवाय लागत नाही.

शेवटची चूक डेटा जाहीर करतानाची. अमेरिकेचं एनसीबीआय, युरोपचं ईएनए आणि जपानचं डीडीबीजे हे सिक्वेन्सिंगच्या डेटाचे तिन्ही सार्वजनिक संग्रह एकमेकांशी डेटा वाटून घेतात, त्यामुळे एकीकडे दिलेली चुकीची नोंद तिन्हीकडे पोचते. लोक डेटा जमा करायचा फॉर्म शोधनिबंध स्वीकारला गेल्यावर भरायला बसतात, तोवर सॅम्पल गोळा करणारी व्यक्ती प्रयोगशाळा सोडून गेलेली असते. कुठल्या ऊतीचा नमुना, कुठल्या तारखेचा, कुणालाच आठवत नाही. मी संग्रहाचा रिकामा फॉर्म प्रयोगाआधीच उतरवून घेते आणि त्यातले रकाने हेच आमच्या सॅम्पल शीटचे कॉलम करते.