असममिती म्हणजे काय आणि हा शब्द कुठं वापरायचा?

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला गेलाय काय कधी? गेला असाल तर असममिती तुम्ही डोळ्यांनी बघितलीय. जांबोटी, कणकुंबीपर्यंत रस्ता आपला सावकाश जातो, मोठा डोंगर चढलाय असं वाटतच नाही, आणि पुढं एकदम दरी, वळणावर वळणं. सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलाय आणि पूर्वेला हळूहळू पठाराला मिळतो, म्हणूनच कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा समुद्र एवढा जवळ असून पूर्वेला वळते आणि पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते.

आता शब्द फोडा. सम म्हणजे सारखं, मिती म्हणजे माप, आणि पुढं अ लागला की माप जुळत नाही.

ओळखायला आधी घडी घाला. पिंपळाचं पान मधोमध दुमडलं तर बऱ्यापैकी जुळतं, पण कडुनिंबाचं एकच बारीक पान घेऊन बघा, देठापाशी एक बाजू रुंद, एक अरुंद, घडी बसतच नाही.

घडी घालता येत नाही तिथं वाक्य उलटं करा. 'मंगल सुनीताची बहीण' उलटं केलं तरी खरंच राहतं. 'मंगल सुनीताची आई' उलटं केलं की खोटं, हे नातं असममित. इथं बरेच जण फसतात बघा, 'मंगल सुनीताला ओळखते' हे उलटं खरं असेल किंवा नसेल, त्याला असममित म्हणायचं नाही, उलटं कधीच खरं होत नसेल तरच म्हणायचं.

व्यवहारात हा शब्द लई कामाचा. म्हैस लाथा मारते काय, दूध किती देते, हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, ही माहितीची असममिती. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हेच मांडलं, की फसायच्या भीतीनं गिऱ्हाईक बेताचाच भाव देतं आणि मग चांगला माल असलेला बाजारात येतच नाही; २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यात ते होते. आपल्याकडं म्हैस घेताना दोन वेळचं दूध समोर काढून बघतात ते त्याचसाठी की!

आणि कृपा करून याच्या जागी विषमता लिहू नका. विषमता म्हटलं की अन्याय आला. उजव्या फुफ्फुसाला तीन खंड आणि डाव्याला दोन, यात कुणावर अन्याय झाला? असंतुलनही नको, इरकलीचा पदर एकाच खांद्यावर असतो तरी नेसण कशी तोलात दिसते.