परदेशातील छोट्या दवाखान्यात रुजू होताना

काही महिन्यांसाठी म्हणून मी इथे आलो आणि इथलाच होऊन गेलो. तेव्हापासून नव्या स्वयंसेवकांना पहिले चार दिवस दवाखाना दाखवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. येणाऱ्यांची तयारी आजार आणि औषधे यांची असते, मात्र ते अडखळतात ते नोंदवही, लसींचा फ्रिज आणि दुभाषा यांच्यापाशी, म्हणून त्यांविषयीच सविस्तर लिहितो.

निघण्यापूर्वीच्या दोन बाबींना वेळ लागतो. हेपेटायटिस बीच्या तीन मात्रा पूर्ण होण्यास साधारण सहा महिने जातात, तेव्हा ही लस आयत्या वेळी घेण्याजोगी नव्हे. ज्या देशांत पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागतात, तिथे ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य ठरते. 2016 पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते.

दवाखान्याचा दिवस रुग्णांच्या आधी फ्रिजपाशी सुरू होतो. लसींचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते आणि ते सकाळ-संध्याकाळ, सुटीच्या दिवशीही, दारावरच्या तक्त्यात लिहावे लागते. अनेक कुप्यांवर वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाईल तसा तो गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाशी जुळला की ती कुपी बाद होते. मात्र लस गोठली होती की नाही हे त्या चौकोनावरून कळत नाही, आणि हेपेटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस गोठल्याने निकामी होते. म्हणून आपली पाण्याची बाटली गार करण्यासाठी ते दार उघडू नका. हे सांगावे लागू नये, पण दरवर्षी सांगावे लागते.

दुभाष्याबरोबर काम करणे ही स्वतंत्र विद्याच आहे. बोलताना दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे, एका वेळी एकच वाक्य बोलावे आणि रुग्णाच्या लहान मुलाला दुभाषा करू नये. आईच्या दुखण्याचे ओझे मुलाच्या जिभेवर टाकणे योग्य नाही. रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असेही धरू नये. एकदा एका आजीबाईंना मी त्यांच्याबरोबरच्या आजारी लेकराला जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी कशी द्यावी हे नीट समजावले आणि त्याही प्रत्येक वाक्याला होकार देत होत्या. शेवटी घरी काय कराल असे विचारले, तेव्हा त्यांनी टेबलावरचा पेला उचलून दाखवला. एक लिटर पाण्यासाठी असलेली पुडी त्या पेलाभर पाण्यात मिसळणार होत्या, आणि इतके खारे द्रावण त्या लेकराला अपायच करते. तेव्हापासून मी एक लिटरची रिकामी बाटली समोर ठेवतो, तयार द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यायला सांगतो आणि सगळी कृती रुग्णाच्या तोंडून पुन्हा ऐकतो.

इथल्या परिचारिकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त त्या ते स्वतःहून सांगत नाहीत. मी नवखा असताना खोकणाऱ्या बाळाचे श्वास पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले. परिचारिका काही बोलल्या नाहीत; बाळ आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबल्या, सदरा छातीपर्यंत वर सरकवला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजले. माझा आकडा आठाने कमी भरला. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा अधिक असेल, तर तो जलद मानतात. त्यामुळे आठाच्या फरकाने निदानच बदलते.

मायदेशी जे काम करण्याची तुम्हाला परवानगी नाही, ते इथेही करू नये. हात कमी आहेत म्हणून विद्यार्थ्यानेच टाके घालावेत असा आग्रह कधी कधी होतो, आणि मोहही होतो; नम्रपणे नकार द्यावा. रुग्णांची छायाचित्रे मुळीच काढू नयेत.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, आणि सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा. सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये आणि लगेच प्रमुखांना सांगावे. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावा लागतो. संकोचाने ते दुखणे अंगावर काढणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत, म्हणून ते औषध कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

मुक्काम संपण्याच्या आठवडाभर आधी नवे रुग्ण स्वतःकडे घेणे थांबवावे. ज्यांना पुन्हा बोलावले आहे त्यांची नावे, तारखा आणि चालू औषधे दवाखान्याच्याच नोंदवहीत, इथल्या कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात लिहावीत, आणि परिचारिकांबरोबर बसून ती पाने एकदा वाचून घ्यावीत. तुमच्या वैयक्तिक डायरीतली टिपणे तुमच्याबरोबर विमानात बसतात. रुग्ण मात्र पुढच्या मंगळवारी इथेच येणार असतो.