पुण्यात वकील करताना या चुका टाळा, आमच्या घरात त्या झाल्यात

2022 च्या पावसाळ्यात चुलतभावानं नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या वाटणीचा दावा बाबांवर लावला. बेलीफ समन्स देऊन गेला आणि घरात सगळ्यांची झोपच उडाली. बाबा तेव्हा 74 वर्षांचे, उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी चढले नव्हते. सोसायटीतल्या एका काकांनी नंबर दिला, म्हणाले एकदम हुशार माणूस आहे, माझ्या भाच्याला दोन दिवसांत जामीन मिळवून दिला, आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी वकीलपत्रावर (आपल्या वतीनं केस चालवायचा अधिकार वकिलाला देणारा कागद) सही करून मोकळे झालो. सात महिन्यांनी कळलं की आमची कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर (रिटन स्टेटमेंट, डब्ल्यूएस), दाखलच झालेली नाही आणि कोर्टानं ‘नो डब्ल्यूएस’ ऑर्डर करून टाकलीये, म्हणजे दाव्याला आमच्याकडून उत्तरच नाही असं धरून केस पुढे सरकलेली. हे कुणाच्याही घरात होऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली चूक तिथंच झाली होती, जामिनाच्या कामात हुशार असलेला माणूस आम्ही वाटणीच्या दाव्याला उभा केला. ते वकील वाईट नव्हते हो, त्यांचं रोजचं काम फौजदारी कोर्टात होतं आणि दिवाणीची तारीख आली की ते दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच केसमध्ये अडकलेले असायचे. वकील म्हणजे वकील असं आपल्याला वाटतं पण कामं फार वेगळी असतात. सातबारावरच्या फेरफाराचं भांडण असेल तर ते आधी तलाठी, मंडळ अधिकारी, मग प्रांत असं जातं, तिथे महसुली कामं करणाराच वकील लागतो. बिल्डरनं ताबा दिला नाही तर महारेरा किंवा ग्राहक आयोग, घटस्फोट आणि पोटगी असेल तर कौटुंबिक न्यायालय. (ग्राहक आयोगात तुम्ही स्वतःही बाजू मांडू शकता, वकील लागतोच असं नाही.) त्यामुळे पहिल्या भेटीत सरळ विचारा, साहेब किंवा मॅडम, अशा प्रकारचे दावे सध्या तुमच्याकडे कोणत्या कोर्टात चालू आहेत आणि त्यातला एखादा पुराव्यापर्यंत तुम्ही स्वतः नेलाय का. ज्यांनी खरंच नेलेत ते या प्रश्नावर चिडत नाहीत, उलट खुलून बोलतात.

नुसतं सांगण्यावर विसंबू नका, तपासता येतं. ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी ॲपवर वकिलाच्या नावानं केसेस शोधता येतात, पुणे जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं आणि नाव टाकायचं. नावाचं स्पेलिंग कोर्टात वेगवेगळं टाकलेलं असतं म्हणून दोनतीन प्रकारे टाकून बघा. दिवाणी दावे किती, फौजदारी किती, हे समोर येतं आणि एका संध्याकाळचं काम आहे. आम्ही हे आधी केलं असतं तर तिथेच थांबलो असतो. सनदेचा, म्हणजे वकिली करायच्या परवान्याचा, नंबरही मागा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असते, नंबर आणि वर्ष त्यावर असतं, मागायला लाजायचं काही कारण नाही.

फेसबुकवर ‘शंभर टक्के जामीन’, ‘केस जिंकल्याशिवाय फी नाही’ असल्या जाहिराती दिसल्या की दूरच राहा. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलांना अशी जाहिरात करायला मनाई आहे, वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद नंबर, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी साधी माहिती देता येते बस. आणि निकालावर ठरलेली फी किंवा मिळणाऱ्या मालमत्तेतला टक्का, हे दोन्ही नियमात बसत नाही. वाड्यांच्या वाटण्यांमध्ये असं बोलणं सर्रास कानावर येतं, ‘एवढा हिस्सा मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’, आणि माणूस भुलतो कारण आत्ता खिशातून काही जात नाही. जो पहिल्याच भेटीत निकालाची खात्री देतो त्यानं तुमचे कागद नीट वाचलेलेच नसतात, माझं तरी हेच मत झालंय.

आता वकीलपत्र. बाबांनी तीन ठिकाणी सह्या केल्या आणि एकही ओळ वाचली नाही. छापील वकीलपत्रात बहुतेक वेळा तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकारसुद्धा दिलेला असतो. तुम्हाला ते नको असेल तर ती ओळ खोडून बाजूला सही करा, आधी बोलून घ्या म्हणजे गैरसमज होत नाही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही अजिबात नको, घाई कितीही असू दे. आणि मूळ कागद, म्हणजे जुनं खरेदीखत, मृत्युपत्र, प्रॉपर्टी कार्डाचे उतारे, हे आधी दाखवायचे आणि झेरॉक्स द्यायची. पुराव्याच्या वेळी मूळ कागद कोर्टात द्यावे लागतात तेव्हा कागदयादी करून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवून द्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तारखांच्या बाबतीत. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते, कोर्ट कारण बघून ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवतं. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही पटण्यासारखं कारण असेल तर कोर्ट घेऊ शकतं पण ते कोर्टाच्या मर्जीवर आणि वर खर्च भरावा लागतो, कमर्शियल दाव्यात मात्र 120 दिवसांनंतर दारच बंद. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. दर वेळी फोन केला की उत्तर एकच, ‘काका, तारीख पडलीये, काळजी करू नका’. मग एका रविवारी माझ्या भाचीनं समन्सवरचा 16 अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ॲपमध्ये टाकला आणि तारखांची यादी उघडली. जुन्या तारखेवर दाबलं की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. पहिल्या तारखेला मुदत अर्ज, म्हणजे आमच्या वकिलांनी वेळ वाढवून मागितलेला. दुसऱ्या तारखेला मुदत अर्ज, खर्चासह मंजूर. तिसऱ्याला प्रतिवादी आणि वकील गैरहजर. आणि चौथ्या तारखेसमोर ती ऑर्डर. बाबा चष्मा लावून ती ओळ परत परत वाचत होते, एवढंच म्हणाले, ‘मला एकदा सांगितलं असतं तर मी स्वतः जाऊन बसलो असतो गं’.

म्हणून वकील कितीही चांगला असला तरी सीएनआर नंबर आपल्या मोबाइलमध्ये हवा आणि प्रत्येक तारखेनंतर दोन दिवसांनी बघायची सवय हवी. आणि हेही विचारून घ्या की तारखेला कोर्टात कोण उभं राहणार, तुम्ही की तुमचे ज्युनियर? ज्युनियर आले तर काही बिघडत नाही, मुदतीच्या तारखांना तेच येतात, पण उलटतपास आणि शेवटच्या युक्तिवादाला कोण, हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं.

फीचं थोडक्यात सांगते. वकिलाची फी वेगळी, कोर्ट फी स्टॅम्प वेगळा, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नकलांचा खर्च वेगळा. एकूण केसची फी आहे की दर तारखेची हे लिहून घ्या, साधा व्हॉट्सॲप मेसेज सुद्धा चालेल, आणि पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते.

वकील बदलायचा झाला तर लोक उगाच घाबरतात. जुन्या वकिलांची ना हरकत घेऊन नवीन वकीलपत्र द्यायचं, ते देत नसतील तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मागता येते. आमच्या वकिलांनी उरलेली फी द्या मगच फाइल मिळेल असं सांगितलं, आणि आम्ही दोन आठवडे त्यात घालवले. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच हे सांगितलंय, हे नंतर केलेल्या नवीन वकील मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. तसे कोर्टातल्या कागदांच्या नकलाही अर्ज करून मिळतातच. वकिलाची गंभीर चूक असेल तर तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची असते. ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही, मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रस्ता बंद केलाय.

फी परवडतच नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे मोफत वकील मिळतो. महिलांना, अनुसूचित जातीजमातीच्या लोकांना, अपंग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी हक्क आहे. 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन नंबर आहे. माझ्या आत्याला हे कुणी वेळेत सांगितलं नाही, तिनं पोटगीच्या केससाठी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. आणि कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपलं हायकोर्टातलं अपील मुंबईलाच जातं, तेव्हा वरच्या कोर्टात कोण बघणार हेही विचारून ठेवा.

आमचं पुढे असं झालं की नवीन मॅडमनी उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज केला, कोर्टानं खर्च भरायला लावून ती ऑर्डर रद्द केली आणि कैफियत घेतली. आता केस पुराव्याला आहे. बाबा प्रत्येक तारखेला मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरतात, कोर्टरूमबाहेरच्या बोर्डावर आपला नंबर शोधतात आणि परत आल्यावर छोट्या वहीत तारीख, आलेला वकील आणि झालेलं काम एवढं लिहून ठेवतात.